अर्ध्या टाकीवर बंद पडणारी बग्गी : एका नायट्रो इंजिनाचे प्रकरण

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या सोसायटीतला, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आपली नायट्रो बग्गी, म्हणजे रिमोटवर धावणारी, खरे इंजिन असलेली छोटी गाडी, भाजीच्या क्रेटमध्ये घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ही विकून टाकायची की ठेवायची, तेवढे सांगा." बग्गी एक-अष्टमांश मापाची होती, इंधनाची टाकी १२५ मिलिलिटरची होती आणि इंजिन ३.५ घनसेंटिमीटरचे होते, ज्याला या छंदातले लोक घनइंचाच्या हिशेबाने 'पॉइंट ट्वेंटीवन' म्हणतात. तक्रार एका वाक्यात सांगण्यासारखी होती : इंजिन सहज सुरू होते, हातात धरून रेस केले तर झकास आवाज देते आणि मैदानावर सोडले की थोड्या वेळात बंद पडते. बंदही नेमके मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पडते, त्यामुळे महिनाभर या मुलाचा चालण्याचा व्यायाम मात्र चांगला झाला होता.

त्याने एक काम चोख केले होते, ते म्हणजे प्रत्येक खेपेला काय फिरवले आणि काय घडले याची नोंद फोनमध्ये ठेवली होती. महिन्यात चार ग्लो प्लग बदलले होते. कार्बोरेटरवरची, वेगात लागणारे इंधन ठरवणारी हाय नीडल कधी दोन तास उघडली होती, कधी एक तास आवळली होती. संथ चालीचे इंधन ठरवणाऱ्या लो नीडलचेही तसेच. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालत राहील ते ठरवणारा आयडल स्क्रू मात्र दर वेळी आतच गेला होता. ('तास' हे या छंदातले माप आहे : नीडलच्या डोक्यावर घड्याळाची तबकडी कल्पिली, तर एक तास म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग.) त्या नोंदी वाचताना मला पहिल्यांदा खटकले ते असे, की एकाच सकाळी, नीडलला हात न लावता, एकदा 'ओव्हर होऊन बंद' (म्हणजे इंधन जास्त होऊन) आणि वीस मिनिटांनी 'कोरडी पडून बंद' (म्हणजे इंधन कमी पडून) असे त्याने लिहिले होते. त्याला ती स्वतःची ऐकण्यातली चूक वाटली होती. पुढचा सगळा तपास त्या दोन ओळींवर उभा राहिला.

तपासाकडे जाण्याआधी या इंजिनाचा स्वभाव थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण स्कूटर-मोटारसायकलच्या इंजिनावरून बांधलेले अंदाज इथे फसतात. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि त्याला ठिणगी देणारी यंत्रणाच नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक गुंडाळी असते; सुरू करताना ती दीड व्होल्टच्या आसपासच्या इग्नायटरने लाल करायची आणि एकदा इंजिन चालू झाले की मेथॅनॉलची वाफ त्या प्लॅटिनमवर आपोआप तापत राहते आणि गुंडाळी धगधगती ठेवते. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला, त्याआधी तिथल्या बहुतेक एवढ्याशा इंजिनांनाही कॉइल आणि बॅटरी वाहावी लागत असे. सोय मोठी झाली, पण मोबदल्यात प्रज्वलनाची वेळ आपल्या हातातून गेली. ती आता प्लगच्या उष्णतेवर, दाबावर आणि मुख्य म्हणजे मिश्रणावर ठरते. मिश्रणात इंधन जास्त झाले की प्लग विझू लागतो आणि कमी झाले की इंजिन भडकून तापते.

इंधनही वेगळे. मेथॅनॉल, नायट्रोमीथेन आणि तेल असे ते मिश्रण असते, आणि इंजिनाला वंगण मिळते ते या इंधनातल्या तेलातूनच. म्हणजे इंधन कमी पडले की वंगणही कमी पडते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, मेथॅनॉलला सुमारे ६.५ ग्रॅम आणि नायट्रोमीथेनला अवघी १.७ ग्रॅम. त्यामुळे या इंजिनाला आकाराच्या मानाने भरपूर इंधन प्यायला लागते, नायट्रोचे प्रमाण वाढवले की नीडल आणखी उघडावी लागते, आणि इंधनाच्या वाटेतला लहानसा अडथळा किंवा लहानशी गळतीही लगेच जाणवते.

तिसरी गोष्ट या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरली. टाकीतून कार्बोरेटरपर्यंत इंधन ढकलायला पंप नसतो. सायलेन्सरमधून, म्हणजे ट्यून्ड पाइपमधून, एक बारीक सिलिकॉनची नळी टाकीच्या वरच्या तोंडाला येते आणि धुराड्यातला दाब टाकीतल्या इंधनावर बसतो. थ्रॉटल उघडला की धूर वाढतो, दाब वाढतो आणि इंधन जोराने येते. थ्रॉटल मिटला की दाब उतरतो. टाकी हवाबंद असेल तरच हा व्यवहार नीट चालतो.

आता मुलाची कैफियत. दिवाळीच्या सुट्टीत तो मित्रांबरोबर पाचगणीजवळच्या एका शेतावर गेला होता आणि तिथे दुपारी इंजिन चालवताना ते सुस्त वाटले, धूर जास्त येऊ लागला, म्हणून त्याने हाय नीडल तीन तास आवळली. तिथे गाडी छान पळाली. पुण्यात परत आल्यावर सकाळच्या थंडीत ती बंद पडू लागली. त्याच्या मते सगळा दोष उंचीचा होता. हे म्हणणे चुकीचे नव्हते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर; तिथली हवा विरळ, म्हणून पुण्यात बरोबर असलेले मिश्रण तिथे इंधनाने जड होते आणि नीडल आवळावी लागते. मी कागदावर हिशेब मांडला, तेव्हा दुपारच्या चोवीस अंशांतल्या पाचगणीच्या हवेपेक्षा पुण्यातली डिसेंबरची बारा अंशांची सकाळची हवा १२ ते १४ टक्के अधिक दाट निघाली. एवढ्या फरकाने तिथली आवळलेली नीडल इथे इंजिनाला उपाशी ठेवणारच. पण पुण्यात आल्यावर त्याने ती नीडल परत उघडली होती, नव्हे, मूळ जागेपेक्षाही दोन तास जास्त उघडली होती, तरी इंजिन बंद पडतच होते. शिवाय उंची आणि थंडी यांचा परिणाम एकाच दिशेला होतो. एकाच सकाळी एकदा ओव्हर आणि एकदा उपाशी, हे कोडे त्याने सुटत नव्हते.

आम्ही गाडी घेऊन शहराबाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर गेलो, जिथे क्रिकेटवाली मुले नऊच्या आधी येत नाहीत. मी त्याला एकच अट घातली : पहिल्या दोन टाक्या संपेपर्यंत कोणत्याही नीडलला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. त्याआधी इंधन मात्र बदलले. त्याचा डबा पावसाळ्यात अर्धा भरलेला आणि बूच ढिले असा बाल्कनीत पडून होता, आणि मेथॅनॉल हवेतले पाणी ओढून घेते. असल्या इंधनावर काढलेला निष्कर्ष कशालाच धरून राहत नाही. माझ्याकडचा, त्याच्याच प्रमाणाचा, बंद डबा आम्ही उघडला. हातमोजे दोघांनीही घातले. मेथॅनॉल पोटात गेले तर डोळे जाऊ शकतात, ते कातडीतूनही शरीरात शिरते, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे या कामात कुणी फुंकून-चोखून नळी तपासू लागला तर मी त्याचा हात धरतो. नवा प्लग, धुतलेला आणि तेल लावलेला एअर फिल्टर, इंधनाच्या वाटेवरची स्वच्छ केलेली जाळी, एवढी तयारी करून घेतली.

थंडीत अशा इंजिनाला थेट सुरू करणे मला पसंत नाही. सिलेंडरची पितळी बाही, तिच्यावर क्रोमचा थर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन अशी ही रचना असते. बाही वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, आणि थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला चावल्यासारखा अडकतो. तापल्यावर बाही पुरेशी फुगते आणि दोघांत नेमके अंतर येते. बारा अंशांत जबरदस्तीने फिरवले तर ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या हीट गनने हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, साठ अंशांच्या आसपास आणले आणि मग बग्गी स्टार्टर बॉक्सवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या पेटीवर, ठेवली. लगेच सुरू झाले.

पहिली टाकी काठोकाठ भरलेली. दोन फेऱ्या मध्यम वेगाने मारून मुलाने गाडी माझ्यासमोर आणून थांबवली. आयडलवर पहिले तीन-चार सेकंद इंजिन बरे वाटले, मग आवाज खाली बसू लागला, गुळण्या केल्यासारखा ओला झाला, पाइपमधून तेलकट पांढरा धूर आला आणि इंजिन धापा टाकत बंद पडले. पुन्हा सुरू केले आणि त्याच अवस्थेत प्लगवर इग्नायटर लावून पाहिला. लावताच इंजिनाचे फेरे स्पष्ट वाढले. चालत्या इंजिनाला बाहेरून प्लग तापवून दिल्यावर ते खूश होत असेल, तर एक तर प्लग कमजोर आहे किंवा मिश्रणात इंधन जास्त होऊन प्लग विझतो आहे. प्लग नवा होता. म्हणजे इंजिन ओव्हर होत होते. हेडचे तापमान, प्लगच्या बुडाशी इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून, ९२ अंश आले.

दुसऱ्या खेपेला मी त्याला थांबू न देता सलग पाच मिनिटे गाडी चालवायला सांगितली, म्हणजे टाकी निम्म्यावर येईल. चौथ्या मिनिटापासून फरक ऐकू येऊ लागला. सरळ पट्टीच्या शेवटी आवाज पातळ झाला, धुराची रेघ विरळ झाली, आणि वळणावर थ्रॉटल सोडल्यावर फेरे लगेच खाली येईनात; सेकंद-दीड सेकंद ते वरच लटकून राहत. सहाव्या मिनिटाला वळणावर तेच झाले, फक्त या वेळी लटकलेले फेरे क्षणभर आणखी चढले आणि सुरीने कापावे तसा आवाज तुटला. धावत जाऊन थर्मामीटर रोखला, १२९ अंश. अशा इंजिनांना साधारण ९५ ते १२० अंश मानवतात, बाहेर बारा-चौदा अंशांची थंडी असताना १२९ म्हणजे इंजिन उपाशी होते आणि तेलालाही मुकले होते.

इंजिन कोणत्या आवाजात बंद पडते, ते शेवटच्या दोन सेकंदांत ऐकायचे असते. आवाज बुडत, ओला होत, धुरासह गेला तर इंधन जास्त; आवाज चढत जाऊन एकदम तुटला तर इंधन कमी. लोक तक्रार सांगताना दोन्हींना 'बंद पडते' एवढेच म्हणतात, आणि उपाय मात्र नेमके उलट आहेत. या मुलाचे तेच झाले होते. अर्ध्या टाकीवर उपाशी बंद पडले की तो नीडल उघडत असे. मग टाकी भरून परत चालवली की ओव्हर होऊन बंद पडत असे, म्हणून आवळत असे. आणि आयडलवर टिकत नाही म्हणून आयडल स्क्रू आत सारत असे. महिनाभर तो टाकीतल्या पातळीचा पाठलाग नीडलने करत होता.

नीडल जागची हलत नसताना मिश्रण टाकीच्या पातळीप्रमाणे बदलत असेल, तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला शोधायला हवा. क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्याच्या, मागच्या झाकणातून, कार्बोरेटरच्या बुडाच्या ओ-रिंगमधून (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यातून) किंवा झिजलेल्या पुढच्या बेअरिंगमधून इंजिन हवा घेत असेल तर फेरे लटकतात हे खरे, पण मग ते भरल्या टाकीवरही लटकायला हवे होते. जाळी तुंबली असती तर पूर्ण थ्रॉटलवर सुरुवातीपासूनच ओढ कमी पडली असती, आणि ती तर आम्ही सकाळीच धुतली होती. उरला टाकीतला दाब. टाकी भरलेली असताना वर हवेची जागा लहान असते; थ्रॉटलच्या एका झटक्यात तिथे दाब भरतो, थोडी गळती असली तरी चालून जाते, शिवाय इंधनाची पातळीही उंच असते. टाकी निम्म्यावर आली की तीच हवेची जागा कितीतरी मोठी होते, बारीक नळीतून ती भरायला वेळ लागतो, तेवढ्यात गळती आपले काम करते आणि सरळ पट्टीच्या शेवटी, जिथे इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवे असते, तिथेच ते कमी पडते.

टाकी उतरवली, रिकामी केली, पाण्याने धुऊन काढली. सायकलचे पंक्चर काढणारा ट्यूब बादलीत बुडवतो, तीच पद्धत. इंधन बाहेर जाण्याच्या तोंडाला बूच लावले, दाबाच्या तोंडाला नळी जोडून तिच्या दुसऱ्या टोकाला वीस मिलिलिटरची सिरिंज लावली, टाकी बादलीत पूर्ण बुडवली आणि हलकेच हवा दाबली. एकही बुडबुडा नाही. झाकणाभोवती, दोन्ही तोंडांपाशी, टाकीच्या जोडावर, कुठेच नाही. सिरिंजचा दट्ट्या जागच्या जागी राहिला. दाबाची नळी वेगळी तपासली, तीही धड होती. मुलगा माझ्याकडे पाहू लागला, आणि खरे सांगायचे तर माझ्याही तर्काची हवा त्या बादलीत निघून गेली होती.

गाडी क्रेटवर उघडी पडली होती, शेजारी गवतावर तिची रंगवलेली पॉलिकार्बोनेटची बॉडी उलटी पडली होती. इंधन भरायला बॉडी काढावी लागू नये म्हणून टाकीच्या झाकणावर तिला भोक असते. टाकीचे झाकण बोटाने उचलणे अवघड जाते म्हणून बहुतेक जण त्याला केबल टायचे एक कडे बांधतात आणि ते कडे या भोकातून वर काढतात. मुलानेही बांधले होते, चांगले जाड. मी त्याला विचारले, "ट्यूनिंग करताना बॉडी असते का वर?" तो म्हणाला, "नाही काका, नीडलला हात पोचत नाही. ट्यूनिंग झालं की मग लावतो." मी बॉडी उचलून भोकाची कड पाहिली. एका बाजूला रंग घासून पॉलिकार्बोनेट पांढरे पडले होते, आणि केबल टायच्या कड्यावर बरोबर त्याच उंचीला लाल रंगाची रेघ उमटली होती.

टाकी पुन्हा बादलीत घातली. या वेळी मी दट्ट्या दाबून धरला आणि त्याला ते कडे बॉडी जितके रेटत असेल तितके, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, बाजूला ओढायला सांगितले. झाकणाच्या बिजागरीसमोरच्या कडेतून बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली. सोडले की थांबली, ओढले की परत. झाकण उघडून पाहिले तर आतली ओ-रिंग दोन वर्षांच्या वापराने चपटी आणि कडक झाली होती. झाकण सरळ बसले असताना स्प्रिंगच्या जोरावर ती हवा अडवत होती, पण किंचित तिरके झाले की तिच्यात तेवढी भरपाई करायची लवचिकता उरली नव्हती. हातात धरून रेस करताना इंजिन उत्तम का वाटते आणि मैदानावरच का बंद पडते, याचेही उत्तर त्यातच होते : ट्यूनिंग एका टाकीवर होत होते आणि गाडी दुसऱ्याच टाकीवर पळत होती.

नवी ओ-रिंग माझ्या डब्यात होती. कडे कापून टाकले आणि त्याजागी मऊ सिलिकॉन नळीचा लहान तुकडा अडकवला, जो बॉडीला लागला तरी झाकण उचलत नाही. बॉडीचे भोकही कानसीने थोडे वाढवले. दाबाची नळी धड होती तरी बदलली. ती स्वस्त आहे आणि पाइपच्या तोंडाशी उष्णतेने आधी तडकते.

इथे काम संपले असे मुलाला वाटले आणि तो टाकी भरून गाडी सोडायला निघाला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. गळती झाकण्यासाठी महिनाभर फिरवलेल्या नीडली आता चुकीच्या जागी होत्या. दाब पूर्ववत झाल्यावर त्याच उघड्या हाय नीडलमधून इंधनाचा लोंढा आला असता. म्हणून पुस्तिकेतल्या मूळ जागेवर सगळे परत नेले. नीडल किती फेरे उघडी ठेवायची, हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते, दुसऱ्याच्या इंजिनाचे आकडे आपल्याला लावू नयेत.

नीडलच्या आधी आयडलची फट. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावले, तर थ्रॉटल पूर्ण सोडलेला असतानाही बॅरल, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारा भाग, जवळजवळ दोन मिलिमीटर उघडे होते. आयडल स्क्रू दर खेपेला आत सारल्याचा हा परिणाम. या इंजिनाला अर्धा ते एक मिलिमीटर पुरते, मी ०.७ मिलिमीटरचा ड्रिल बिट फटीत उभा धरून स्क्रू तेवढा मागे घेतला. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि पुढची सगळी मेहनत वाया घालवतात. फट मोठी असली की आयडलला जास्त हवा मिळते, म्हणून लो नीडल जास्त उघडावी लागते. मग ब्रेक मारून गाडी थांबली की ते जास्तीचे इंधन क्रँककेसमध्ये साचते आणि पुढच्या थ्रॉटलला इंजिन खोकून बंद पडते. फट लहान, तर लो नीडल आवळलेली आणि आयडल घट्ट, असा सगळा तोल त्या अर्ध्या मिलिमीटरवर असतो.

मग बॉडी लावून, पूर्ण टाकीने, दोन मिनिटे गरम होऊ दिले आणि आधी हाय नीडल घेतली. लांब सरळ पट्टीवर पूर्ण थ्रॉटल, आवाज जड आणि धूर भरपूर, थांबवून एक तास आवळली, पुन्हा पट्टी. तीन वेळा एकेक तास आवळल्यावर आवाज मोकळा झाला आणि धुराची रेघ तरी टिकून राहिली. चौथा तास आवळण्याचा मोह मुलाला झाला, कारण प्रत्येक तासागणिक गाडी जास्त पळत होती. मी नको म्हटले. सर्वांत वेगवान जागेच्या अलीकडे एक तास थांबणे म्हणजे त्या इंजिनाचे तेल वाचवणे. तापमान १०८ अंश.

त्यानंतर लो नीडल. हाय नीडलमधून आलेलेच इंधन लो नीडलपर्यंत पोचते, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. सरळ पट्टी मारून गाडी समोर थांबवायची, आयडल स्थिर होऊ द्यायचे आणि कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. नळीत उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालते. तीन-एक सेकंदांत फेरे किंचित वाढून ते बंद पडले तर लो नीडल जागेवर आहे. पहिल्या वेळी इंजिन आठ सेकंद चालत राहिले आणि फेरे चांगलेच चढले, म्हणजे आयडलला इंधन जास्त. एक तास आवळून सहा सेकंद, आणखी एक तास आवळून चार, अर्ध्या तासाने तीन. प्रत्येक बदलानंतर पट्टीची एक फेरी मारून साठलेले इंधन जाळून टाकले. ती फेरी न मारता उभ्या उभ्या चिमटा काढत राहिले तर आकडा फसवा येतो. शेवटी फेरे थोडे उंच वाटले म्हणून आयडल स्क्रू किंचित मागे घेतला.

पहिली पूर्ण टाकी न थांबता गेली. अर्ध्या टाकीवर पट्टीच्या शेवटी कान टवकारून ऐकले. थ्रॉटल सोडताच फेरे सरळ खाली आले. १११ अंश, भरल्या टाकीवरच्या आकड्यापेक्षा तीनच अंश जास्त.

दुसऱ्या टाकीत मात्र दोनदा इंजिन बंद पडले आणि दोन्ही वेळा कचकन ब्रेक मारल्यावर. या खेपेला आवाज ना बुडाला ना चढला. चाके अडकली आणि त्यांच्याबरोबर इंजिनही थांबले, गिअरमध्ये क्लच न दाबता मोटारसायकल थांबवावी तसे. दोष मिश्रणाचा नाही हे त्याच्या आवाजातच होते. इंजिन थंड करून फ्लायव्हील धरले आणि क्लच बेल, म्हणजे क्लचवरून फिरून चाकांना गती देणारी वाटी, बोटाने फिरवून पाहिली. ती दाणे भरल्यासारखी अडखळत होती. आतले बेअरिंग धुळीने आणि उष्णतेने संपले होते, त्यामुळे बेल क्लचच्या शाफ्टला धरून ठेवत होती. पाच बाय दहा मिलिमीटरची दोन बेअरिंगे बदलली, प्रत्येकात यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. तिसऱ्या टाकीत तो प्रकारही थांबला.

अकराच्या सुमारास ऊन चढले, थर्मामीटरने सावलीत २६ अंश दाखवले. सकाळी बारा अंशांत बसवलेले मिश्रण आता इंधनाने किंचित जड वाटले, धूर दाट झाला, हेड १०१ अंशांवर आले. हाय नीडल एक तास आवळली आणि मुलाने फोनमध्ये तापमानासकट नोंदवली. त्याच्या नोंदीत आता दोन नवे रकाने आहेत : टाकी किती भरलेली होती, आणि बॉडी लावलेली होती की काढलेली.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी दुरुस्त झाली नाही आणि ती नीडलने होणारही नाही. महिनाभर १२५-१३० अंशांवर, कमी तेलात पळालेल्या त्या इंजिनाचा पिस्टन थंड असतानाही वरच्या टोकाला पूर्वीसारखा चावत नाही. फ्लायव्हील बोटाने फिरवले तर तो जवळजवळ विनासायास पलीकडे जातो. अजून ते चालते, आयडलही धरते, पण तिसऱ्या टाकीनंतर, तापलेले असताना, स्टार्टर बॉक्सवर ते चौथ्या प्रयत्नाला सुरू झाले. मुलाला मी नव्या पिस्टन-बाहीची किंमत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, की विकायची असती तर आज सकाळीच विकायला हवी होती.